जातो की जाते? : एका निरोपगीताची कुळकथा

इंग्रजी कवितेच्या तासाला पाठ्यपुस्तकातील कवितेच्या जोडीला एखादे गीत ऐकवावे, असा परिपाठ मी काही वर्षांपासून ठेवला आहे. छापील कविता विद्यार्थी परीक्षेच्या धाकाने वाचतात. गीत मात्र कान देऊन ऐकतात, आणि ऐकून झाल्यावर भांडतातही. या भांडणांना सर्वांत अधिक खाद्य ज्या गीताने पुरवले ते बॉब डिलनचे 'डोन्ट थिंक ट्वाइस, इट्स ऑल राइट'. 'फार विचार करू नकोस, ठीकच आहे सारे' असा शीर्षकाचा ढोबळ अर्थ सांगता येईल. प्रेम संपले आहे, दोघांपैकी एक जण पहाटे घर सोडून निघाला आहे आणि जाता जाता मागे राहणाऱ्या माणसाशी बोलतो आहे, एवढाच या गीताचा प्रसंग. पण १९६२ मध्ये लिहिलेले हे गीत आजवर इतक्या गायक-गायिकांनी गायिले आहे, आणि प्रत्येक कंठात त्याचा अर्थ इतका पालटला आहे, की गीत म्हणजे नेमके काय, शब्द, चाल की गाणारे माणूस, असा प्रश्न पडावा. प्रस्तुत लेखात या गीताच्या जन्माची हकीकत, त्याचे पूर्वज आणि त्याचे नंतरचे अवतार यांचा परामर्श घ्यावयाचा आहे.

प्रथम काळाची थोडी ओळख. १९६० च्या सुमारास न्यूयॉर्क शहरातील ग्रिनिच व्हिलेज या वस्तीत लोकगीतांची मोठी लाट उसळली होती. कॉलेजात शिकणारी, शहरात वाढलेली मुले खाणकामगारांची, खलाशांची, डोंगराळ मुलुखातील शेतकऱ्यांची गाणी शोधून काढीत आणि लहान लहान कॉफीगृहांत गिटारवर म्हणत. जानेवारी १९६१ मध्ये मिनेसोटा राज्यातून एक एकोणीस वर्षांचा मुलगा या वस्तीत येऊन दाखल झाला. हाच बॉब डिलन. पुढे १९६५ मध्ये त्याने विजेवर चालणारी गिटार हाती घेतली आणि लोकगीताचा घाट व रॉक संगीताचा जोर यांच्या मिलाफातून 'फोक-रॉक' म्हणून जो प्रकार रूढ झाला, त्याचा तो अग्रणी ठरला. २०१६ मध्ये त्याला साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. पण आपले गीत त्या विजेच्या गिटारीच्या आधीचे आहे. एक आवाज, एक लाकडी गिटार, एक तोंडाने वाजवायचा बाजा, एवढाच त्याचा सरंजाम.

जुलै १९६१ मध्ये एका लोकसंगीताच्या कार्यक्रमात डिलनची सूझ रोटोलो या मुलीशी ओळख झाली. तो वीस वर्षांचा, ती सतरा. सूझचे आईवडील इटालियन वंशाचे आणि डाव्या विचारांचे. ती स्वतः वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या संघटनेच्या कार्यालयात काम करीत असे, चित्रे काढीत असे, नाटकांतही तिला रस होता. डिलनच्या आरंभीच्या राजकीय गाण्यांमागे तिच्या सहवासाचा मोठा वाटा आहे, असे त्याचे चरित्रकार मानतात. दोघे वेस्ट फोर्थ स्ट्रीटवरील लहानशा खोल्यांत एकत्र राहू लागले. सूझच्या आईला हा मुलगा पसंत नव्हता.

आणि जून १९६२ मध्ये सूझ आईबरोबर बोटीने इटलीला गेली. पेरूजा येथे ती चित्रकला शिकू लागली. मुक्काम वाढत गेला आणि डिलन न्यूयॉर्कमध्ये एकटा राहिला. त्या काळी परदेशी फोन करणे ही खर्चाची आणि खटपटीची बाब. भिस्त सारी पत्रांवर. याच एकटेपणात, १९६२ च्या शरद ऋतूत, त्याने हे गीत लिहिले. ग्रिनिच व्हिलेजमधील गॅसलाइट कॅफेत तो ते म्हणू लागला आणि १४ नोव्हेंबर १९६२ रोजी कोलंबिया कंपनीच्या स्टुडिओत त्याचे ध्वनिमुद्रण झाले. सूझ तेव्हा इटलीतच होती.

येथे वाचकाने क्षणभर थांबावे. प्रत्यक्षात कोण गेले? ती गेली. मागे कोण राहिले? तो. गीतात मात्र सारे उलटे आहे. तेथे पुरुष रस्त्याला लागला आहे आणि स्त्री घरात झोपलेली आहे. कोंबडा आरवेल, ती खिडकीतून पाहील, तोवर हा निघून गेलेला असेल. ज्याला सोडून गेले त्याने सोडून जाणाऱ्याची भूमिका घेतली. आमच्या वर्गात ही हकीकत सांगितली की हमखास एक हात वर होतो. एका विद्यार्थिनीने तर स्पष्टच विचारले, "सर, मग हे खोटंच झालं की. ती शिकायला गेली होती. तिच्यावर सगळा दोष ढकलून हा मोकळा झाला!"

प्रश्न रास्त आहे आणि तो हसण्यावारी नेता कामा नये. गीतातील निवेदक शांतपणे, जणू सहजच, मागे राहणाऱ्या बाईला पुष्कळ काही बोलून घेतो. आपण हृदय दिले तरी तिला त्याहून अधिक हवे होते, ही तक्रार त्यात आहे. शेवटी तर तिने आपला वेळ वाया घालवला, असेही तो सौम्य शब्दांत सुनावतो, आणि लगेच जोडतो की ठीक आहे, विचार करू नकोस. हे 'ठीक आहे' किती बोचरे आहे! आपल्याकडेही भांडणाच्या अखेरीस 'जाऊ दे, काही नाही' असे म्हणून जो दरवाजा लावला जातो, तो आदळून लावलेल्या दरवाजापेक्षा अधिक ऐकू येतो.

पण माझ्या मते गीताचे मर्म दुसरीकडे आहे. ज्याला खरेच जायचे आहे तो इतके बोलत नाही. हा निवेदक प्रत्येक कडव्यात 'आता बोलण्यात अर्थ नाही' असे सुचवतो आणि पुढचे कडवे सुरू करतो. मध्येच एके ठिकाणी, तिने काही तरी बोलून आपल्याला थांबवावे, अशी इच्छाही त्याच्या तोंडून निसटते. म्हणजे दुसऱ्याला 'विचार करू नकोस' म्हणणारा हा माणूस स्वतः विचाराशिवाय दुसरे काहीही करीत नाही. डिलनने स्वतः ही गोष्ट लपवलेली नाही. तबकडीच्या वेष्टनावरील टिपणात नॅट हेन्टॉफ या समीक्षकाने त्याचे मत नोंदवले आहे. त्याचा आशय असा की लोक हे प्रेमगीत समजतात, पण ते प्रेमगीत नव्हे. स्वतःला बरे वाटावे म्हणून माणूस स्वतःशीच जे बोलतो, तसे ते आहे. हे ध्यानात घेतले की त्या विद्यार्थिनीच्या आक्षेपाला निदान अर्धे उत्तर मिळते. गीत घटनेची साक्ष देत नाही. ते सोडून दिलेल्या माणसाच्या मनातील बतावणी दाखवते, आणि बतावणी आहे हे आपल्याला कळेल इतपत फटही ठेवते. उरलेल्या अर्ध्या उत्तराकडे पुढे येऊ.

गिटारीचा भागही याच अर्थाने ऐकण्यासारखा आहे. उजव्या हाताचा अंगठा जाड तारांवर आळीपाळीने ठोके देत राहतो आणि बाकीची बोटे पातळ तारांवर स्वर वेचीत जातात. ठोका कोठेही अडखळत नाही. चाल झपझप चालणाऱ्या पावलांसारखी आहे. शब्द मागे वळून पाहतात, हात मात्र पुढे चालला आहे. मूळ मुद्रण पावणेचार मिनिटांच्या आत संपते. ते संथ लयीत म्हटले असते तर रडगाणे झाले असते.

भाषेबद्दल एक गोष्ट इंग्रजीच्या विद्यार्थ्यांसाठी. या गीतातील इंग्रजी पुस्तकी नाही. 'एन्ट' सारखी रूपे, दुहेरी नकार, गाळलेली अक्षरे यांनी ती भरलेली आहे. डिलन हा काही खेडवळ शेतमजुराचा मुलगा नव्हता. हिबिंग या खाणीच्या गावात विजेच्या सामानाचे दुकान चालवणाऱ्या ज्यू कुटुंबात तो वाढला. ही बोली त्याने जुन्या गायकांकडून, विशेषतः वुडी गथ्रीकडून, उचलली. आपल्याकडे शहरी कवी लावणीच्या किंवा ओवीच्या बोलीत लिहितो, तसाच हा प्रकार. त्यात ढोंग किती आणि अभ्यास किती, हे ज्याने त्याने ठरवावे. मला तो अभ्यास वाटतो.

आता पूर्वजांकडे वळू. डिलनच्या नावावर असलेल्या या गीताची चाल सर्वस्वी डिलनची नाही. ग्रिनिच व्हिलेजमध्ये पॉल क्लेटन नावाचा गायक त्याच्या मित्रमंडळात होता. मॅसॅच्युसेट्समधील न्यू बेडफर्ड या देवमाशांच्या शिकारीबद्दल प्रसिद्ध असलेल्या बंदरात १९३१ मध्ये जन्मलेला हा माणूस व्हर्जिनिया विद्यापीठात लोकवाङ्मय शिकला. डोंगराळ भागात फिरून त्याने गाणी जमवली आणि अनेक तबकड्या काढल्या. १९६० च्या सुमारास त्याने 'हूज गॉना बाय यू रिबन्स व्हेन आय अ‍ॅम गॉन' हे गीत मुद्रित केले. मी गेल्यावर तुला फिती कोण घेऊन देईल, असा त्याचा प्रश्न. हे गीत ऐकून लगेच डिलनचे ऐकावे. चाल जवळजवळ तीच आहे आणि सुरुवातीच्या शब्दांची ठेवणही ओळखीची वाटते. क्लेटनने तरी ते कोठून घेतले? त्याने एका जुन्या लोकगीतावरून, ज्यात फितींच्या जागी कोंबड्या होत्या, असे सांगतात. म्हणजे डिलनच्या पहाटेच्या कोंबड्याला कुळात जागा आधीपासूनच होती म्हणायची!

हे कुळ आणखी मागे नेता येते. 'मी नसताना तुझे अमुक कोण करील' अशा प्रश्नांची माळ इंग्लिश-स्कॉटिश पोवाड्यांत फार जुनी आहे. हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापक फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांनी १८८२ ते १८९८ या काळात ३०५ पोवाड्यांचा जो संग्रह प्रसिद्ध केला, त्यातील ७६ व्या क्रमांकाच्या 'द लास ऑफ रॉक रॉयल' मध्ये ही माळ आढळते. पायात जोडा कोण घालील, हातात मोजा कोण चढवील, असे ते प्रश्न. आणि ते विचारते कोण? स्त्री. तान्हे मूल घेऊन ती प्रियकराच्या दारात उभी आहे. आत प्रियकराची आई त्याचा आवाज काढून तिला परतवते आणि ती बिचारी समुद्रात जीव गमावते. शतकानुशतकांच्या प्रवासात हे प्रश्न दारात उभ्या राहिलेल्या स्त्रीच्या तोंडून निघाले आणि घर सोडून जाणाऱ्या पुरुषाच्या तोंडी आले. डिलनने तर प्रश्नच काढून टाकले. त्याचा निवेदक काही विचारत नाही. उलट, विचार करू नको म्हणतो. चाल घेतली, प्रसंग घेतला, पण नेमका गाभा बदलला. ही माझ्या मते नक्कल नव्हे.

कायद्याला अर्थात असे बारकावे पुरत नाहीत. दोन्ही गीतांच्या प्रकाशन-कंपन्यांत दावे झाले आणि ते कोर्टाबाहेर मिटले. स्वतः क्लेटन आणि डिलन यांचे सख्य त्यानंतरही टिकले. फेब्रुवारी १९६४ मध्ये डिलन मोटारीने अमेरिकेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे निघाला, तेव्हा क्लेटन त्याच्याबरोबर होता. पण लोकसंगीताची लाट ओसरली तसा क्लेटन मागे पडत गेला आणि मार्च १९६७ मध्ये त्याने न्यूयॉर्कमध्ये आपले आयुष्य संपवले. वय अवघे ३६. आज त्याचे नाव बहुधा या एका चालीच्या संदर्भातच निघते. ज्याने शेकडो गाणी विस्मृतीतून वर काढली त्याच्या वाट्याला हे यावे, याचे वाईट वाटते.

आपल्याकडील जुन्या संगीत नाटकांची पुस्तके ज्यांनी चाळली असतील त्यांना पदांच्या डोक्यावर 'चाल' असा शब्द आणि पुढे दुसऱ्याच एखाद्या गाण्याचे नाव छापलेले आठवेल. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या काळापासूनचा हा शिरस्ता. त्यात कोणाला चोरी वाटली नाही, कारण ऋण उघडपणे पहिल्या ओळीच्याही वर मांडलेले होते. डिलनच्या तबकडीवर क्लेटनसाठी अशी एक ओळ असती तर वादाचे कारणच उरले नसते.

ती तबकडी, 'द फ्रीव्हीलिन् बॉब डिलन', २७ मे १९६३ रोजी बाजारात आली. तिच्या वेष्टनावरील छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. बर्फाने भिजलेला रस्ता, अंग आखडून चालणारा डिलन आणि त्याच्या दंडाला बिलगलेली सूझ. जानेवारी १९६३ मध्ये ती इटलीहून परतली होती आणि फेब्रुवारीत डॉन हन्स्टीन या छायाचित्रकाराने जोन्स स्ट्रीटवर हे चित्र टिपले. म्हणजे ज्या तबकडीत निरोपाचे गीत आहे, तिच्याच वेष्टनावर ज्यांचा निरोप घेऊन झाला ते दोघे हसत चालले आहेत! प्रत्यक्षातली ताटातूट पुढे झाली. ऑगस्ट १९६३ मध्ये सूझने ते बिऱ्हाड सोडले आणि १९६४ मध्ये संबंध संपला. त्या अखेरच्या भांडणावर डिलनने 'बॅलड इन प्लेन डी' हे आठ मिनिटांहून लांब गीत रचले. त्यात सूझच्या थोरल्या बहिणीवर त्याने जे कोरडे ओढले आहेत ते आजही ऐकवत नाहीत. १९८५ मध्ये एका मुलाखतीत ते गीत नोंदवल्याचा पश्चात्तापही त्याने बोलून दाखवला.

ही दोन गीते शेजारी ठेवणे उद्बोधक आहे. 'बॅलड' मध्ये घटना खरी आहे, माणसे ओळखू येतात, कोण कोणास काय बोलले हेही आहे. 'डोन्ट थिंक ट्वाइस' मध्ये घटना उलटी केलेली आहे आणि कोणाचे नाव नाही. खरी हकीकत सांगणारे गीत अन्यायकारक ठरले आणि दुसऱ्या गायकांनी ते फारसे उचललेही नाही. हकीकत झाकणारे गीत मात्र घरोघर गेले. तपशील पुसल्यामुळे त्यात दुसऱ्या माणसाला शिरण्यास जागा झाली.

त्या जागेत प्रथम शिरले ते पीटर, पॉल अँड मेरी हे त्रिकूट. १९६३ मध्ये त्यांची तबकडी अमेरिकेच्या 'बिलबोर्ड' यादीत नवव्या क्रमांकापर्यंत पोहोचली. डिलनची मूळ तबकडी ज्यांनी ऐकलीही नव्हती अशा असंख्य घरांत हे गीत त्यांच्यामुळे गेले. गोड, घोटीव, तीन आवाजांचा मेळ. पण स्वतःशी बोललेले बोलणे तिघांनी सुरात म्हटले की त्यातली बतावणी निघून जाते आणि तो एक समंजस ठराव होतो. ऐकायला छान, बोचत नाही. १९६५ मध्ये 'फोर सीझन्स' या गटाने 'द वंडर हू?' असे टोपणनाव घेऊन हेच गीत थट्टेच्या, पिचक्या आवाजात म्हटले आणि ते बाराव्या क्रमांकावर गेले. मला ते एकदा ऐकून पुरले.

जॉनी कॅशची गोष्ट निराळी. डिलनच्या तबकडीने तो भारावला होता. १९६४ मध्ये त्याचे 'अंडरस्टँड युअर मॅन' हे गीत कंट्री संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होते. ते ऐकताच ओळखीची चाल कानी येते. म्हणजे क्लेटनकडून डिलनकडे आलेली चाल आता कॅशकडे गेली. त्याचा निवेदक खरोखरीच जाणारा आहे, रांगडा आणि दार आपटणारा. त्याला थांबवावे अशी इच्छा त्याच्या मनात नसावी. कॅशने डिलनचे मूळ गीतही मुद्रित केले. एल्व्हिस प्रेस्लीने मे १९७१ मध्ये नॅशव्हिल येथे दुसऱ्या गाण्यांच्या मुद्रणाच्या मध्ये सहज मौजेने हे गीत धरले आणि साथीदारांसह तो ते बराच वेळ घोळवीत राहिला. त्यातला एक तुकडा कापून १९७३ च्या तबकडीत घातला गेला. तेथे शब्दांना दुय्यम स्थान आहे. माणूस चालता चालता गुणगुणावा तसे ते वाटते आणि म्हणूनच मला आवडते. ऑक्टोबर १९९२ मध्ये डिलनच्या कारकिर्दीची तीस वर्षे साजरी करण्यासाठी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जो जलसा झाला, त्यात एरिक क्लॅप्टनने याच गीताला ब्लूजचा जड अंगरखा चढवला. डिलनचा निवेदक जे लपवतो ते क्लॅप्टनची गिटार ओरडून सांगते.

खुद्द डिलननेही गीत एका साच्यात ठेवले नाही. १९७८ च्या जपान दौऱ्यात त्याने ते रेगे संगीताच्या ठेक्यावर म्हटले. 'अ‍ॅट बुडोकान' या तबकडीत ते ऐकावयास मिळते. निरोपाचे गीत कंबर हलवीत कसे म्हणावे, असे कोणाला वाटेल. पण दुखणे जुने झाले की माणूस त्यावर विनोदही करू लागतो.

मात्र खरा फरक पडतो तो गायिकांनी हे गीत हाती घेतल्यावर, आणि येथे मला त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाच्या उरलेल्या उत्तराकडे यावयाचे आहे.

जोन बाएझ १९६३ मध्येच हे गीत मैफलींतून गाऊ लागली होती. त्याच वर्षी निघालेल्या तिच्या मैफलीच्या तबकडीत ते आहे. तेव्हा डिलन आणि बाएझ यांच्यातील जवळीक वाढत होती. फार काळ चाललेल्या प्रेमप्रकरणाचे हे गाणे, अशा अर्थाचे काही तरी बोलून तिने एकदा व्यासपीठावरून त्याची ओळख करून दिली आणि श्रोत्यांत बसलेल्या सूझला ते लागले, असे सांगितले जाते. ज्या गीतात सूझ मागे राहिलेली बाई होती, ते आता तिच्या जागी येऊ पाहणारी दुसरी स्त्री जाणाऱ्याच्या भूमिकेतून म्हणत होती! १९६५ मध्ये ओडेटा या कृष्णवर्णीय गायिकेने डिलनच्या गीतांची एक स्वतंत्र तबकडीच काढली. लोकसंगीताकडे आपण ओडेटाला ऐकून वळलो, असे डिलनने म्हटले आहे. तिच्या खोल, भारदस्त आवाजात हे गीत आले की तक्रारीचा सूर नाहीसा होतो. पुष्कळ सोसून झाल्यावर उंबरठा ओलांडणारी एक बाई समोर उभी राहते. आणि २०१२ मध्ये अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलच्या मदतीसाठी निघालेल्या संग्रहात केशा या पॉप गायिकेने ते जवळजवळ रडत म्हटले आहे. तेथे बतावणी पुरती कोसळलेली आहे. 'ठीक आहे' म्हणता म्हणता काहीच ठीक नाही हे ऐकू येते. वर्गात हे ऐकवले तेव्हा मागच्या बाकांवरची कुजबुजही थांबली होती.

हे स्थित्यंतर इतक्या सहजी कसे घडते? इंग्रजी भाषेच्या एका गुणामुळे. इंग्रजीत 'मी जातो' आणि 'मी जाते' यांत भेद नाही. क्रियापदाला लिंग नाही. गायिकेने एखाददुसरे नाम बदलले की पुरे. गीताचा बाकीचा देह जसाच्या तसा तिचा होतो. आपल्या मराठीत पहिल्याच ओळीला कवीला ठरवावे लागते की जाणारा पुरुष आहे की स्त्री. ज्ञानेश्वरांच्या विराण्या किंवा एकनाथांच्या गवळणी यांत पुरुष संत स्त्रीच्या तोंडून बोलतात, ते क्रियापदाच्या टोकाटोकाला स्त्रीलिंग जोडूनच. श्रोत्याला ती भूमिका क्षणभरही विसरता येत नाही. इंग्रजी गीतात भूमिका न सांगता बदलते.

गेल्या वर्षी मी द्वितीय वर्षाच्या वर्गाला या गीताचा आशय मराठीत, स्वतंत्र पद्यात, उतरवण्यास सांगितले. बहुतेक मुलांनी 'मी निघालो' असे लिहिले. मुलींपैकी निम्म्यांनी 'निघालो' आणि निम्म्यांनी 'निघाले'. 'निघाले' लिहिणाऱ्यांचे म्हणणे असे की खरी गेलेली ती सूझ, तेव्हा बोलण्याचा अधिकार तिचा. यावर बराच वाद झाला. एका मुलाने म्हटले की मूळ कवी पुरुष आहे. त्यावर एकीने विचारले की मग बाएझने गायिले ते काय चुकले? एका मुलीने मात्र दोन्ही टाळले होते. तिच्या पद्यात 'निघालो' नव्हते आणि 'निघाले'ही नव्हते. 'मला निघायला हवं', 'मला वाट दिसते आहे', 'मी जीव लावला', 'मी जाईन', 'तू उठशील' अशीच सारी रूपे तिने योजली होती. मराठीच्या व्याकरणात ही पळवाट आहे, हे माझ्याही ध्यानात तिच्यामुळे प्रथम आले. 'मला' ने सुरू होणाऱ्या वाक्यात कर्त्याचे लिंग झाकले जाते. भूतकाळात सकर्मक क्रियापद घेतले तर ते कर्माच्या मागे जाते. आणि भविष्यकाळाच्या 'ईन' ला तर लिंगच नाही.

शिवाय या रूपांत आणखी एक गोष्ट साधते. 'मी निघालो' यात जाणारा स्वतःच्या पायांनी जातो. 'मला निघायला हवं' म्हणणाऱ्याला कोणी तरी किंवा काही तरी बाहेर ढकलत असते. डिलनच्या निवेदकाची खरी अवस्था हीच नव्हती का? तो जातो म्हणत होता, पण प्रत्यक्षात एका रिकाम्या खोलीत बसून होता.

सूझ रोटोलोने पुढे विवाह केला, संसार केला, हाताने बांधलेली चित्रपुस्तके तयार केली आणि चाळीसहून अधिक वर्षे या साऱ्यावर ती बहुतांशी गप्प राहिली. २००८ मध्ये तिने 'अ फ्रीव्हीलिन् टाइम' हे आत्मकथन प्रसिद्ध केले. त्यात डिलनवर राग नाही, पण एक ठाम आग्रह आहे. आपण कोणाच्या गिटारीची तार नव्हतो, आपले स्वतःचे आयुष्य होते, असा. इटलीला जाणे हा तिच्या दृष्टीने प्रेमाचा शेवट नव्हता. एका वीस वर्षांच्याही न झालेल्या मुलीला शिकायचे होते, जग पाहायचे होते. हे पुस्तक वाचल्यावर त्या विद्यार्थिनीचा आक्षेप मला पूर्वीपेक्षा अधिक वजनदार वाटू लागला आहे. गीत बतावणी उघडी पाडते हे खरे, पण बतावणीच्या पलीकडची बाई गीतात नाही. ती पुस्तकात आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये सूझचे निधन झाले. २०२४ च्या अखेरीस डिलनच्या आरंभीच्या काळावर 'अ कम्प्लीट अननोन' हा चित्रपट आला. त्यात तिच्यावर बेतलेली व्यक्तिरेखा आहे, परंतु डिलनच्या इच्छेवरून तिचे नाव बदलून सिल्व्ही रूसो ठेवले आहे. तिला प्रसिद्धी नको होती, हे कारण. साठ वर्षांनी का होईना, त्याने तिचा एवढा शब्द राखला.

ज्यांना हे गीत मुळातून अभ्यासावयाचे असेल त्यांनी माझ्या मते पुढील क्रम ठेवावा. प्रथम क्लेटनच्या फिती, मग डिलनचे १९६२ चे मुद्रण, मग ओडेटा, मग केशा. पीटर, पॉल अँड मेरी सर्वांत शेवटी, कान थकल्यावर. प्रत्येक वेळी कागदावर एकच गोष्ट लिहावी : या आवाजात कोण जाते आहे आणि कोण राहते आहे. आमच्या वर्गातील छत्तीस कागदांपैकी कोणतेही दोन कागद तंतोतंत जुळले नाहीत. त्या बिनलिंगी पद्याच्या कवयित्रीने ओडेटाच्या नावापुढे लिहिले होते, 'दोघंही गेली. घर रिकामं.'